एअरबॉक्स काढण्याआधी: एका जुन्या सल्ल्याची तपासणी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी केलेली एक चूक आधी सांगतो. आमच्या उपकरणाच्या गॅस लाइनमध्ये स्टीलचा एक रिकामा डबा होता. त्यात काही भरायचं नव्हतं, त्यावर मीटरही नव्हता. मला वाटलं, कुणीतरी उगाच बसवलाय. मी तो काढला आणि नळी सरळ जोडून टाकली. पुढच्या तीन महिन्यांची रीडिंग्ज फेकून द्यावी लागली. पंपाचे झटके तो डबा गुपचूप पोटात घेत होता.

म्हणून आजचा विषय मोटरसायकलचा. हसू नका, रिसर्चची तयारी करताय तर हे तुमच्याच कामाचं आहे.

जुन्या जपानी मोटरसायकली नव्याने उभ्या करणारे बरेच जण एक काम हमखास करतात. सीटखालचा मूळ एअरबॉक्स काढतात आणि प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडाला बाजारात मिळणारा शंकूसारखा पॉड फिल्टर लावतात. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: कायद्यापायी कंपनीने इंजिनचा श्वास कोंडलाय, तो आपण मोकळा करतोय. ऐकायला पटतं. पण पटणं वेगळं आणि तपासणं वेगळं. चला, तपासू.

पहिली पायरी: तारखा लावा. होंडाची सीबी ७५० ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात दिसली आणि १९६९ मध्ये विक्रीला आली. ७३६ सीसी, चार सिलिंडर, चार केहिन कार्ब्युरेटर, आणि त्या चौघांना मिळून एकच एअरबॉक्स. अमेरिकेत मोटरसायकलच्या धुराचे केंद्रीय नियम लागू झाले १९७८ च्या मॉडेलपासून आणि आवाजाचे १९८३ च्या मॉडेलपासून. म्हणजे डबा आधी आला, कायदा नंतर. नंतर आलेली गोष्ट आधीच्या गोष्टीचं कारण कशी होईल? कायद्याचा संबंध अगदीच नाही असंही नाही. नियम आल्यावर कंपन्या पेट्रोलचं प्रमाण कमी ठेवू लागल्या. पण डब्याचा जन्म त्यातून झालेला नाही.

दुसरी पायरी: तो तिथे काय करतो? धूळ अडवतो, हवा ओढतानाचा आवाज दाबतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तिसरं काम नजरेत येत नाही. चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेतं तेव्हा प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ५० वेळा हवा ओढतो. हा सलग प्रवाह नसतो, हिसके असतात. मधला हवेचा साठा ते हिसके सौम्य करतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी दाब बऱ्यापैकी स्थिर राहतो. डब्याचं आकारमान आणि नळीची लांबी-रुंदी यांवरून कंपनांची एक ठरावीक वारंवारता येते. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासलेल्या पोकळ रेझोनेटरचंच हे गणित. थोडक्यात, डबा हा कार्ब्युरेटरच्या मोजमापाचाच एक भाग आहे. माझ्या गॅस लाइनमधला डबाही असाच होता!

तिसरी पायरी: सल्ला आला कुठून? शर्यतींतून. रेसिंगच्या गाड्यांना फिल्टरऐवजी उघडे बेलमाउथ लावायची जुनी पद्धत होती. शर्यतीचं इंजिन थोडेच तास चालतं, मग खोलून तपासलं जातं, त्यामुळे धुळीची फिकीर कमी. पन्नास-साठच्या दशकात लंडनच्या एस कॅफेवर जमणाऱ्या पोरांनी ट्रायम्फ, नॉर्टनवर तोच थाट उचलला. पुढे कॅलिफोर्नियात के अँड एनसारख्या कंपन्यांनी तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर आणले. आता धूळही अडू लागली आणि सीटखालची जागाही मोकळी राहिली. सल्ला घट्ट रुजला.

चौथी पायरी, सगळ्यात महत्त्वाची: सल्ला कोणत्या परिस्थितीत खरा होता? १९६९ च्या सीबी ७५० मध्ये ॲक्सिलरेटर पिळला की कार्ब्युरेटरची स्लाइड थेट वर उचलली जाते. पॉड लावल्यावर हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडतं, पण मोठा मेन जेट टाकून, सुई थोडी वर घेऊन बरंचसं जुळवता येतं. १९७९ च्या मॉडेलला मात्र इंजिन नवं आणि कार्ब्युरेटर सीव्ही प्रकारचे. इथे ॲक्सिलरेटर फक्त झडप उघडतो. स्लाइड किती उचलायची हे दाबातला फरक ठरवतो. त्यातली एक बाजू तोंडाकडच्या हवेवर अवलंबून, आणि तिथली शांतता एअरबॉक्सने राखलेली. तो काढला की स्लाइडचं उचलणंच बदलतं. मग गाडी मध्येच मिस मारते, पिकअप जातो. नुसता जेट बदलून ते नीट होईलच असं नाही. पेट्रोल कमी पडत राहिलं तर इंजिन तापतं आणि पिस्टनवर बेततं.

म्हणजे नाव तेच, फेरफार तोच, तरी निकाल वेगळा. सल्ला एका यंत्रासाठी बरा होता. तो दुसऱ्या यंत्राला लावताना अटी मागेच राहिल्या.

रिसर्चमध्ये आपण नेमकं हेच करतो. एखाद्या पेपरमधली पद्धत आवडली की उचलतो. ती कोणत्या नमुन्यावर, कोणत्या तापमानाला, कशासाठी वापरली होती ते वाचायचा कंटाळा करतो. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे पानं भरायचं काम नव्हे. या चार पायऱ्या म्हणजेच रिव्ह्यू. त्यासोबत एक सवय लावून घ्या: बदल करण्याआधी मूळ अवस्थेतली रीडिंग्ज घ्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पॉड, सायलेन्सर आणि जेट एकाच रविवारी बदलले, तर सोमवारी गाडी कशामुळे सुधारली किंवा बिघडली, हे कुणालाच सांगता येणार नाही.

एअरबॉक्स काढूच नका, असं मी म्हणत नाही. समजून, मोजून, वेळ देऊन काढणारे लोक आहेत आणि त्यांच्या गाड्या छान चालतात. पण डबा काय काम करत होता, हे त्यांना काढण्याआधी ठाऊक असतं.

आमच्या लॅबमधला डबा मी परत बसवला. आता त्यावर कागद चिकटवलाय: तो कशासाठी आहे, आणि काढला तर काय होतं. खाली माझी सही आहे.