जसा देश तसा वेश

मध्यंतरी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी चंद्रपूरच्या एका हॉटेलात स्नेहमेळावा ठरवला. मोबाईलवर निमंत्रण आले. खाली एक ओळ होती, ‘ड्रेस कोड : स्मार्ट कॅज्युअल’. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या माणसाने याचा काय अर्थ घ्यावा? दोन्ही शब्द ओळखीचे, पण त्यांची जोडी काही जमेना.

एडिनबरोला शिकणाऱ्या नातवाला फोन लावला. तो हसून म्हणाला, "आबाजी, सूट-टाय नको, आणि घरचा लेंगाही नको. मधलं काहीतरी." नंतर त्याने स्वतःचा एक फोटो पाठवला. तिथल्या एका मित्राकडे जेवणाला हा पठ्ठ्या चक्क किल्ट नेसून गेला होता! वर साधा शर्ट आणि लोकरी जाकीट, कमरेपासून गुडघ्यापर्यंत चौकड्यांचा चुणीदार घोळ, पायात लांब मोजे. शेजारच्या काकूंनी फोटो निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "काऊन जी गुरुजी, पोरगा लुगडं नेसला का?"

आम्ही सगळेच हसलो. पण मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे नुसते हसून भागत नाही.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लोक पूर्वी एक मोठी लोकरी चादर अंगाभोवती गुंडाळून कमरेला पट्टा बांधत. आपल्याकडच्या घोंगडीसारखेच समजा. थंडीत पांघरूण, पावसात आडोसा आणि रात्री अंथरूणही तेच. आजचा आखूड किल्ट अठराव्या शतकात त्यातूनच निघाला. १७४६ साली कलोडनच्या लढाईत या डोंगरी लोकांच्या बंडाचा मोड झाला आणि त्याच वर्षी इंग्रज सरकारने त्यांच्या पोशाखावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्या गुन्ह्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी! सूट होती ती फक्त सरकारच्या पलटणीत भरती होणाऱ्यांना. म्हणजे राजासाठी मरायचे असेल तर हा वेश चालेल, स्वतःच्या डोंगरात गुरे राखताना मात्र चालणार नाही. यातल्याच हायलंडर पलटणी पुढे १८०३ मध्ये आपल्या असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या फौजेशी लढल्या.

ही बंदी १७८२ मध्ये उठली. पुढे ४० वर्षांनी, १८२२ साली, राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी स्वागताचा थाट मांडला होता. राजाने खास शिवलेला किल्ट घातला, आतून गुलाबी विजारही चढवली. झाले! ज्या वेशासाठी माणसे तुरुंगात गेली, तो एका दिवसात दरबारी झाला. पुढे व्हिक्टोरिया राणीने बालमोरलला वाडा घेतला आणि आपल्या लहान राजपुत्रांना हौसेने किल्ट घातले.

आता गंमत पाहा. याच राणीचा एक मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, पुढे मुंबई इलाख्याच्या फौजेचा सेनापती होऊन आपल्याकडे आला. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी त्याला मेजवानी दिली. जरीचे पोशाख, हिरे-मोती, शालजोड्या यांची नुसती झळाळी. त्या मेजवानीला जोतीराव फुले आले ते शेतकऱ्याच्या वेशात. धोतर, फाटके मुंडासे, खांद्यावर घोंगडी, पायात झिजलेल्या वहाणा. दारावरच्यांनी त्यांना अडवले, मग यजमानांनी येऊन आत नेले, असे सांगतात. भाषणात जोतीरावांनी ड्यूकला सांगितले, की हे दागिने घालून बसलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे; खरा हिंदुस्थान पाहायचा तर खेड्यात जा, आणि आमच्या शिक्षणाचे राणीसाहेबांना सांगा. ज्या घराण्याने डोंगरी गुराख्यांचा वेश हौसेने मिरवला, त्याच घराण्यातल्या पाहुण्यापुढे एक माणूस आपल्या शेतकऱ्याचा वेश घेऊन उभा राहिला. फरक एवढाच, की त्या वेशातला शेतकरी अजून उपाशी होता.

हा प्रसंग मी वर्गात किती वेळा रंगवून सांगितला असेल! मुले टाळ्या वाजवायची. पण एक गोष्ट मात्र मी कधी सांगितली नाही. ती आज लिहितो.

१९७५ च्या आसपासची गोष्ट. मी एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका शाळेवर होतो. गडचिरोली जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. आमचा सगळा मुलूख चंद्रपुरातच होता. १५ ऑगस्टच्या कार्यक्रमाला वरचे साहेब येणार म्हणून आम्ही आठवडाभर आवार सारवत होतो. एका माडिया मुलाला पाढ्यांचे बक्षीस मिळणार होते. त्याचा बाप पावसातून, नाले ओलांडत चालत आला आणि पुढच्या सतरंजीवर येऊन बसला. कमरेला लंगोटी, केसांना तेल, गळ्यात मण्यांच्या माळा. साहेब काय म्हणतील या धास्तीने मी त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "इथं नको, तिकडं झाडाखाली जाऊन उभा राहा." वयाने तो माझ्याहून मोठा होता, पण मी ‘अहो’ही म्हटले नाही. तो काही न बोलता उठला.

मुलाने वही आणि पेन्सिल घेतली. साहेबांकडे पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. तो झाडाकडे पाहत होता. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. कारण दुसरेही असेल, पण माझ्या मनात ते एकच राहिले आहे.

केसांचे तेल आणि त्या माळा म्हणजे त्या माणसाचा सणाचा पोशाख होता, हे मला फार उशिरा कळले. फुल्यांची गोष्ट सांगणारा मी, प्रत्यक्षात दारावरचा पहारेकरी निघालो.

त्याच सुमारास, २३ डिसेंबर १९७३ ला, भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला होता. डॉ. प्रकाश आमटे यांनी माडियांच्या अंगावर कपडा नाही हे पाहिले आणि स्वतःच अर्धी पँट आणि बनियन एवढ्यावर आले. तोच मुलूख, तीच माणसे. मी बापाला झाडाखाली पाठवले, त्यांनी स्वतःचे कपडे उतरवले.

हे जुने झाले असेही नाही. २०१४ साली चेन्नईतल्या एका क्रिकेट क्लबने उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी नेसली म्हणून आत सोडले नाही. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारला त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

असो. मेळाव्याला मी धोतर नेसून गेलो. पांढरा सदरा आणि वर जुनाच कोट. हिने इस्त्री करून दिली. हॉटेलच्या दारावरचा गणवेशातला पोरगा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, मग त्याने दार उघडले. तेवढ्या एका क्षणात मला ते झाड आठवले. आत मुलांनी पाया पडून गराडा घातला, कोणी वेशाचा विषयही काढला नाही. मी मात्र त्या रात्री नीट जेवलो नाही.

‘जसा देश तसा वेश’ ही म्हण मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिली. त्या १५ ऑगस्टला तो देश त्या माणसाचाच होता, जंगल त्याचे होते, नालेही त्याचे. वेश त्याने देशाप्रमाणेच केला होता. परक्या वेशात होतो तो मीच.