बालयकृत प्रत्यारोपण : तज्ज्ञ घडवणारे प्रगत प्रशिक्षण

लहान मुलांवरील यकृत प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया काही तासांत पूर्ण होते. परंतु तिच्या यशापयशाचा निर्णय त्या तासांपुरता मर्यादित नसतो. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाचे पोषण टिकवणे, योग्य वेळ ठरवणे आणि नंतर आयुष्यभर नव्या यकृताची निगा राखणे, ही जबाबदारी बालयकृततज्ज्ञाची असते. असा तज्ज्ञ घडवणारे शिक्षण म्हणजे बालयकृत प्रत्यारोपणातील प्रगत फेलोशिप होय.

शास्त्राचा उगम

या शास्त्राचा आरंभच एका बालरुग्णापासून झाला. अमेरिकेतील डेन्व्हर येथे १९६३ साली डॉ. थॉमस स्टार्झल यांनी मानवावरील पहिले यकृत प्रत्यारोपण केले, ते तीन वर्षांच्या मुलावर. अतिरक्तस्रावामुळे ते मूल वाचले नाही. १९६७ मध्ये त्यांनीच केलेल्या प्रत्यारोपणानंतर एक बालिका वर्षाहून अधिक काळ जगली. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन आणि पुढे टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे उपलब्ध झाली आणि हा उपचार प्रयोगाच्या पातळीवरून नित्याच्या उपचारात आला.

तरीही लहान मुलांच्या शरीरात मावेल एवढे यकृत मिळणे ही मोठी अडचण होती. फ्रान्समध्ये डॉ. हेन्री बिस्मथ यांनी मोठ्या माणसाच्या यकृताचा भाग कापून मुलाला बसवण्याची पद्धत रूढ केली. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे डॉ. रसेल स्ट्राँग यांनी आईच्या यकृताचा भाग मुलाला देऊन जिवंत दात्याकडून होणारे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. दात्याचे उरलेले यकृत काही आठवड्यांत पुन्हा वाढते, या निसर्गनियमावर ही पद्धत उभी आहे. तान्ह्या बाळासाठी बहुधा यकृताच्या डाव्या बाजूचा लहान भाग पुरेसा होतो.

भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने या उपचाराला कायदेशीर चौकट दिली. नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात दोन वर्षांहून लहान बालकाला वडिलांच्या यकृताचा भाग बसवण्यात आला. देशातील हे पहिले यशस्वी बालयकृत प्रत्यारोपण. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबांचाही जवळच्या नातेवाइकांत समावेश झाला.

प्रशिक्षणाची वाट

अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर तीन वर्षे बालरोगशास्त्र, तीन वर्षे बाल-पचनसंस्थाशास्त्र आणि त्यानंतर एक वर्ष प्रत्यारोपण-यकृतशास्त्र असा रूढ मार्ग आहे. या शाखेची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा २००६ मध्ये सुरू झाली. इंग्लंडमध्ये मुलांच्या यकृत प्रत्यारोपणाचे काम लंडनचे किंग्ज कॉलेज, बर्मिंगहॅम आणि लीड्स या तीनच केंद्रांत एकवटले आहे. रुग्ण मोजके असतात. ते अनेक ठिकाणी विखुरले तर कोणत्याच केंद्राचा हात बसत नाही, हा त्यामागील विचार. किंग्ज कॉलेजमध्ये १९९७ साली डॉ. मोहम्मद रेला यांनी अवघ्या पाच दिवसांच्या बाळावर प्रत्यारोपण केले होते. पुढे ते भारतात परतले आणि चेन्नईत त्यांनी संस्था उभारली. परदेशी केंद्रांत शिकून आलेल्या अशा डॉक्टरांमुळेच भारतातील प्रशिक्षणाचा पाया घातला गेला.

आपल्याकडे एमबीबीएस आणि आंतरवासितेची साडेपाच वर्षे, एमडी बालरोगशास्त्राची तीन वर्षे आणि त्यानंतर डीएमची तीन वर्षे असा क्रम आहे. लखनौची संजय गांधी पदव्युत्तर संस्था आणि चंदीगडची पदव्युत्तर संस्था येथे बाल-पचनसंस्थाशास्त्र, तर दिल्लीच्या यकृत व पित्तविज्ञान संस्थेत बालयकृतशास्त्र हा डीएमचा विषय आहे. त्यानंतर मोठ्या प्रत्यारोपण केंद्रातील फेलोशिप. म्हणजे बारावीनंतर बारा-तेरा वर्षांनी असा डॉक्टर स्वतंत्रपणे उभा राहतो.

फेलो काय शिकतो?

पहिला धडा निवडीचा. कोणत्या मुलाला प्रत्यारोपण हवे, कोणाचे औषधांनी भागेल आणि कोणासाठी वेळ निघून गेली आहे, हे ओळखावे लागते. विल्सन रोगात तांबे शरीरात साठते. वेळीच निदान झाल्यास अनेक मुले औषधांवर चांगली राहतात. काही चयापचय विकारांत यकृत दिसायला निरोगी असते, पण त्यातील एका विकराच्या अभावाने मेंदूला किंवा मूत्रपिंडाला इजा होते. तीव्र यकृत निकामी झालेल्या मुलात निर्णयासाठी कधी कधी एक-दोन दिवसच हाती असतात. भारतात अशा प्रसंगांचे एक प्रमुख कारण हिपॅटायटिस ए हा दूषित अन्नपाण्यातून पसरणारा आजार आहे. त्यावर लस उपलब्ध आहे.

दुसरा धडा पोषणाचा. पित्त आतड्यात न पोहोचल्याने स्निग्ध पदार्थ पचत नाहीत आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे कमी पडतात. पोट फुगलेले, पण हातपाय काडीसारखे, अशा बाळाला विशेष आहार, प्रसंगी नाकातील नळीने, द्यावा लागतो. कुपोषित बाळाला शस्त्रक्रिया अधिक जड जाते. गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत लशी शक्यतो प्रत्यारोपणापूर्वीच पूर्ण कराव्या लागतात.

तिसरा धडा नंतरच्या देखरेखीचा. तान्ह्या बाळाची यकृत-रोहिणी इतकी बारीक असते की तिच्यात गुठळी होण्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त; म्हणून पहिल्या दिवसांत वारंवार डॉप्लर तपासणी केली जाते. औषध कमी पडले तर शरीर यकृत नाकारते, जास्त झाले तर जंतुसंसर्ग बळावतो. एपस्टीन-बार विषाणूमुळे लसिकापेशींची घातक वाढही होऊ शकते. पौगंडावस्थेत मुले औषधे टाळू लागतात आणि वर्षानुवर्षे उत्तम चाललेले यकृत धोक्यात येते. त्या वयातील मुलाशी बोलण्याची कला हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे. सुस्थापित केंद्रांत आज दहापैकी नऊ मुले प्रत्यारोपणानंतर वर्षभराचा टप्पा ओलांडतात, ते या देखरेखीमुळे.

साठ दिवसांची मर्यादा

मुलांमधील यकृत प्रत्यारोपणाचे जगभरातील सर्वात मोठे कारण बिलियरी अट्रेशिया हे आहे. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच यकृताबाहेरील पित्तनलिका बंद पडतात. जपानचे डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात शोधलेल्या शस्त्रक्रियेत आतड्याचा भाग थेट यकृताला जोडला जातो. बाळ साठ दिवसांचे होण्यापूर्वी ती झाली तर यशाची शक्यता अधिक असते. जितका उशीर, तितकी ती घटते. या शस्त्रक्रियेने काही मुलांचे प्रत्यारोपण टळते, अनेकांचे काही वर्षे लांबते.

उशीर होतो तो बहुधा घरातच. कावीळ आईच्या दुधाची आहे, कोवळे ऊन द्या, काविळीची माळ घाला, असे सांगत आठवडे निघून जातात; बाळ हसत-खेळत असल्याने कोणालाच घाई वाटत नाही. लक्षणे मात्र स्पष्ट असतात : दोन आठवड्यांनंतरही टिकणारी कावीळ, लंगोटाला पिवळे डाग पाडणारी गडद लघवी आणि पांढरट, मातकट शी. अशा वेळी रक्तातील एकूण बिलिरुबिनसोबत थेट बिलिरुबिनही तपासावे लागते. तैवानने २००४ पासून प्रत्येक नवजात बाळाच्या पालकांना शीच्या रंगाचे कार्ड देण्यास आरंभ केला आणि तेथील निदान लवकर होऊ लागले.

गोमंतकाच्या दृष्टीने

अवयवदानाच्या व्यवस्थेत गोवा हा मुंबईच्या केईएम रुग्णालयातील प्रादेशिक संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतो. मुलाच्या प्रत्यारोपणासाठी मोठे शहर गाठणे, तेथे काही महिने बिऱ्हाड करणे, आई किंवा वडील दाता असल्यास दोघांची शुश्रूषा एकाच वेळी करणे, हे कुटुंबाला सोसावे लागते. शस्त्रक्रिया मोजक्या केंद्रांत होणे मुलांच्या हिताचेच आहे. पण प्रत्येक तापासाठी आणि प्रत्येक रक्तचाचणीसाठी तोच प्रवास घडू नये. फेलोशिप पूर्ण केलेला एखादा डॉक्टर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात असेल, तर औषधांची मात्रा, लसीकरण आणि संसर्गाचे पहिले उपचार घराजवळ होऊ शकतात. त्याहून मोलाचे म्हणजे त्याच्याकडून शिकलेला तालुक्याचा बालरोगतज्ज्ञ सहा आठवड्यांच्या पिवळ्या बाळाला ‘पुढच्या महिन्यात या’ असे न सांगता त्याच दिवशी पुढे पाठवेल.