प्रक्षिप्त पाठाची निवड : कारंज्याची ग्रंथमाला आणि वेब सर्व्हर

कारंजा लाड येथील जैन ग्रंथमालेत १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’ प्रसिद्ध झाले. दहाव्या शतकात मान्यखेट येथे पुष्पदंताने रचिलेल्या या अपभ्रंश काव्यातील तीन प्रसंग मात्र पुष्पदंताचे नव्हेत. कान्हडाचा पुत्र गंधर्व याने विक्रम संवत् १३६५ मध्ये, म्हणजे सुमारे इ. स. १३०८ साली, वीसल साहू नामक गृहस्थाच्या इच्छेवरून ते घातले; आणि विशेष हे की, आपण काय घातले हे त्याने काव्यातच नमूद केले. प्रक्षेप करणारे पुष्कळ आढळतात. तो कबूल करणारा विरळा.

या जुन्या प्रकरणाची आठवण होण्याचे कारण आहे. पोथ्यांची छायाचित्रे अभ्यासकांस जालावर उपलब्ध करून देऊ इच्छिणाऱ्या विभागापुढे आज नेमका हाच प्रश्न येतो. मागणी येताच पान पाठविणारी जी आज्ञावली, म्हणजे वेब सर्व्हर, ती मूळ स्वरूपात घ्यावी की कोणी फेरफार केलेली? मुक्तस्रोत आज्ञावलीचा पाठ सर्वांस खुला असतो व तो बदलण्याची मुभाही असते. तेव्हा मातृका, शाखा आणि प्रक्षेप येथेही आलेच.

किंबहुना अपाचे हा सुप्रसिद्ध सर्व्हर मुळी प्रक्षेपांतूनच जन्मला. इलिनॉय विद्यापीठातील संगणन केंद्रात रॉब मॅकूल याने लिहिलेल्या सर्व्हरचे काम, तो १९९४ च्या मध्यास केंद्र सोडून गेल्यावर, खुंटले. वापरणारे आपापल्या दुरुस्त्या करून एकमेकांस देऊ लागले. फेब्रुवारी १९९५ मध्ये आठ जणांनी मूळ सर्व्हरची १.३ ही आवृत्ती आधारास घेऊन त्या दुरुस्त्या एकत्र केल्या. १ डिसेंबर १९९५ रोजी अपाचेची १.० आवृत्ती निघाली. ‘पॅच’ म्हणजे ठिगळ, म्हणून ‘अ पॅची’ ते ‘अपाचे’, ही व्युत्पत्ती सर्वतोमुखी झाली. संस्थापकांपैकी ब्रायन बेलेनडॉर्फ यांच्या म्हणण्याप्रमाणे मात्र ते नाव अमेरिकेतील त्या नावाच्या आदिम जमातीविषयीच्या आदरातून सुचले. लोकव्युत्पत्तीचा इतका ताजा नमुना आम्हा भाषाभ्यासकांस क्वचितच मिळतो!

येथे मातृकेची वाढ थांबली होती, म्हणून शाखा घेणे हेच शहाणपणाचे ठरले. एन्जिनेक्सची गोष्ट निराळी. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ साली प्रकाशित केलेल्या या सर्व्हरमध्ये चीनमधील ताओबाओ या व्यापारी संस्थेने आपल्या प्रचंड वर्दळीसाठी बदल केले व ‘टेंजीन’ या नावाने ती शाखा डिसेंबर २०११ मध्ये खुली केली. पण येथे मातृका वाढतच राहिली. मातृकेत सुरक्षिततेचा एखादा दोष दुरुस्त झाला की तीच दुरुस्ती शाखेत कोणीतरी आणावी लागते. ती येईपर्यंत शाखा वापरणारा उघड्यावर असतो. ताओबाओजवळ त्यासाठी अभियंते होते. विद्यापीठाच्या विभागात बहुधा एकच साहाय्यक असतो, आणि तोही परीक्षेच्या कामास जुंपलेला!

शिवाय, प्रत्येक भर मूळ पाठातच मिसळावी लागते असे नाही. फेब्रुवारी २०१६ मधील १.९.११ या आवृत्तीपासून एन्जिनेक्समध्ये पुरवणी-घटक वेगळे ठेवून चालू करता येतात. टेंजीनमध्ये ही सोय त्याआधीच होती, हे त्या शाखेच्या बाजूने सांगितले पाहिजे. अशी पुरवणी समासातील टीपेसारखी असते; मूळ ओळीस धक्का न लावता ती काढता येते.

म्हणून पोथ्यांच्या छायाचित्रांपुरते मूळ एन्जिनेक्स आणि लागल्यास एखादी पुरवणी एवढे पुरे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शाखाच घ्यावयाची झाल्यास तिच्या कर्त्यांनी गंधर्वाप्रमाणे आपले फेरफार नोंदविले आहेत काय, हे आधी पाहावे. आणि मातृकेतील शेवटच्या दुरुस्तीची व ती शाखेत उतरल्याची, अशा दोन्ही तारखा शेजारी शेजारी मांडाव्यात.