एलईडी बल्ब हाताला गरम लागतो, म्हणजे तो खराब आहे का?

दोन-तीन तास चालू असलेल्या एलईडी बल्बच्या खालच्या भागाला, म्हणजे होल्डरजवळच्या मानेला, हात लावला तर चटका बसू शकतो. ‘एलईडी थंड असतो’ असं ऐकलेलं असल्याने बल्ब बनावट असल्याची शंका येते. बहुतेक वेळा तसं काही नसतं.

९ वॅटचा एलईडी साधारण जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बइतका उजेड देतो. पण त्या ९ वॅटमधलीही निम्म्याहून जास्त वीज उष्णतेतच जाते. फरक आहे तो उष्णता बाहेर पडण्याच्या वाटेत. जुन्या बल्बची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापायची आणि उजेडाबरोबर इन्फ्रारेड किरणही फेकायची. म्हणूनच कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला तो चालायचा. एलईडी त्या कामाचा नाही. एलईडीच्या चिपमधली उष्णता मागे बल्बच्या अंगात उतरते आणि तिथून हवेत जाते. हवा खेळती नसेल तर ती तिथेच साचते.

आधी मरतो तो ड्रायव्हर

त्याच मानेत ड्रायव्हर असतो, म्हणजे घरातल्या एसी विजेचं डीसीत रूपांतर करणारं छोटं सर्किट. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम आहे. खोक्यावर २५ हजार तास लिहिलेले असतात. रोज पाच तास लावला तर हे १३ वर्षांहून जास्त होतात. तोच बल्ब बाथरूमच्या बंद काचेच्या गोळ्यात मात्र फार लवकर लुकलुकायला लागू शकतो. थोडा वेळ चालून विझणारा आणि गार झाल्यावर पुन्हा लागणारा बल्बही बहुधा उष्णतेचाच मारा सोसत असतो. बंद दिव्यात लावू नये, अशी सूचना अनेक खोक्यांवर असते, पण इतक्या बारीक अक्षरांत की ती कोण वाचणार?

कागदी आकाशकंदिलात जुन्या बल्बपेक्षा एलईडी बराच सुरक्षित. तरी बल्ब कागदाला टेकू नये आणि कंदिलाचं वरचं तोंड उघडं ठेवावं.

जळकट वास, तपकिरी पडलेलं प्लास्टिक किंवा काळवंडलेला होल्डर दिसला, तर मात्र बटण बंद करून, बल्ब गार झाल्यावर काढावा. होल्डरमधला सैल संपर्कही असा तापतो. तो इलेक्ट्रिशियनला दाखवावा. नुसता नवा बल्ब लावून काही उपयोग नाही.