चहाचा पेला

१८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा भरली. शहरातली चाळीसएक प्रतिष्ठित मंडळी जमली होती. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. कार्यक्रम आटोपल्यावर मिशनच्या मंडळींनी पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवली. कोणी पेला तोंडाला लावला, कोणी यजमानांचे मन मोडू नये म्हणून नुसता हाती घेऊन खाली ठेवला. हा बेत जुळवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, मोठे तऱ्हेवाईक गृहस्थ. त्यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवून आणली, आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीला शास्त्री बसले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली घेतले. रमाबाईंनी आपल्या आठवणींत त्या दिवसांचा ताप लिहून ठेवला आहे.

आक्षेप चहावर नव्हताच. ख्रिस्त्यांच्या हातचे पाणी घेतले असते तरी हेच झाले असते. पण त्या सभेतल्या बहुतेकांना चहा नाकारणे त्या दिवशी अगदी सोपे होते, एवढे ध्यानात ठेवावे. नाकारला म्हणून कोणाचे डोके दुखणार नव्हते. पुढल्या पन्नास-साठ वर्षांत त्याच पुण्याला चहावाचून सकाळ उजाडेनाशी झाली. हे घडले कसे?

तसा चहा आपल्या किनाऱ्याला फार पूर्वीच लागलेला. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेस आला होता. तिथले बनिया लोक चहात गरम मसाला घालून, खडीसाखरेबरोबर किंवा मुरवलेल्या लिंबाबरोबर तो घेतात, असे त्याने लिहिले आहे. कशासाठी? तर डोकेदुखीवर आणि पोटदुखीवर औषध म्हणून! औषध पुड्यांतून येते आणि बरे वाटले की सुटते. चहा तेव्हा सुटत होता.

मग आसामात चहाचे मळे उभे राहिले. १८३९ च्या जानेवारीत आसामचा पहिला चहा लंडनच्या लिलावात विकला गेला. पुढे पीक इतके वाढले की गिऱ्हाईक शोधण्याची पाळी आली. १९०३ साली मळेवाल्यांनी स्वतःच सरकारकडे मागणी करून निर्यातीच्या चहावर उपकर बसवून घेतला आणि तो पैसा चहाच्या प्रसाराला लावला. आरंभी नजर परदेशांवर होती. १९३० नंतरच्या मंदीत तिथली मागणी आटली, तेव्हा आपल्या घरादारांकडे मोहरा वळला. प्रचारक किटल्या घेऊन गल्लोगल्ली हिंडले, फुकट पेले वाटले, पैशापैशाच्या पुड्या विकल्या. रेल्वेच्या स्टेशनांवर चहा कसा करावा याचे देशी भाषांतले तक्ते लागले. परक्याच्या मळ्यातला हा माल पुढे पुढे अस्सल स्वदेशी म्हणूनही मिरवू लागला. इराण्यांची हॉटेले मुंबईत होतीच. पुण्यात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी आले-वेलदोडा घालून पितळी पातेल्यात चहा उकळायला सुरुवात केली. दुकानाला नाव दिले ‘अमृततुल्य’.

सवय लागली ती अशी, पेल्यापेल्याने आणि पुष्कळशी दुसऱ्याच्या खर्चाने. ती सुटत का नाही, याचे उत्तर शास्त्रज्ञ देतात. दमलेल्या मेंदूला ‘आता थांब’ म्हणून सांगणारे ॲडिनोसिन नावाचे एक द्रव्य आपल्याच शरीरात तयार होते. चहातले कॅफीन त्याची जागा अडवून बसते, म्हणून तरतरी येते. रोजच्या रोज असे होऊ लागले की मेंदू आपली मांडणीच बदलतो. मग चहा तोडला, की बारा ते चोवीस तासांत कपाळ ठणकू लागते आणि ही पीडा दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत टिकते. सुरतेचे बनिया डोके दुखले म्हणून चहा घेत. आपण घेतला नाही म्हणून आपले डोके दुखते.

बरे, आपण या पाहुण्याला घरात किती वर बसवले आहे! एकादशीला भात चालत नाही, चहा चालतो. मुलगी दाखवायची ती चहापोह्यांवर, आणि कचेरीतले काम अडले की ‘चहापाणी’. आमच्या शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीचा चहा चुकला, तर पाचव्या तासाची मुले त्याची किंमत मोजतात.

गांधीजींनी हे ओळखले होते. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. चहा, कॉफी, कोको यांपैकी कशाचीच शरीराला गरज नाही, असे त्यात स्वच्छ सांगितले. महात्म्याच्या शब्दावर ज्यांनी नोकऱ्या सोडल्या, विलायती कपडे होळीत टाकले, त्या लोकांनी हे एवढे मात्र ऐकले नाही.

पण आपल्या अंगी चहापेक्षा जुनी एक सवय आहे, आणि तिला व्यसन म्हणून कोणी नाव ठेवत नाही. पंचहौदातल्या पेल्याने जी दुखावली तीच ही. तलफ सगळ्या जातींना सारखीच लागली; पेला मात्र सारखा झाला नाही. खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांत दलितांची कपबशी निराळी असे. कानतुटकी, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली नाहीतर छपराच्या वाशात खोचलेली. गिऱ्हाइकाने ती आपल्या हाताने काढायची, वरून ओतलेला चहा दाराबाहेर उभा राहून प्यायचा, कप विसळायचा आणि होता तिथे ठेवायचा. १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केली आणि हॉटेलांची दारे सर्वांना खुली केली. १९५५ साली शिक्षेचा कायदा आला. तरीही कित्येक गावांत ते कप पुढे वर्षानुवर्षे वाशांत खोचलेलेच राहिले. हॉटेलवाल्याने पहाटे उठून पहिली किटली उकळायची, पहिला पेला स्वतः घ्यायचा आणि मग दिवसभर दोन तऱ्हेच्या कपांत तोच चहा ओतायचा. कप दोन तऱ्हेचे, पण पैसे दोघांकडून सारखेच घ्यायचे.