आदिवासी इतिहासाचे शालेय अध्यापन : शिरूर-दौंड परिसर

आदिवासी व विमुक्त जमातींचा इतिहास, ज्ञान आणि कर्तृत्व शालेय मुलांना कसे शिकवावे, हा इथला विषय आहे. पुणे जिल्ह्यातले आदिवासी म्हटले की जुन्नर-आंबेगावचे महादेव कोळी आणि ठाकर आठवतात. शिरूर व दौंड या पूर्वेकडच्या माळरानी तालुक्यांत मात्र या विषयाची सुरुवात फासेपारधी (अनुसूचित जमात) आणि रामोशी (विमुक्त जात) यांच्यापासून करावी लागते.

मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल असे ठिकाण शिरूर तालुक्यातच आहे. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० पर्यंत तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. लहान मूल दगावले की तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत ठेवून त्याला घराच्या जमिनीखालीच पुरत. सुरुवातीची घरे चौकोनी. पुढे दिवस पालटले आणि लहान गोल झोपड्या आल्या. या झोपड्यांचा अर्थ लावताना अभ्यासकांनी आजच्या फासेपारध्यांच्या वस्तीचा आधार घेतला. इनामगावचे लोक पारध्यांचे पूर्वज होते, असा याचा अर्थ नाही. पण वर्गातल्या पारधी मुलाच्या घराने तीन हजार वर्षांपूर्वीचे घर समजायला मदत केली, हे त्या मुलाला कुणीतरी सांगायलाच हवे. एनसीईआरटीच्या सहावीच्या इतिहासात इनामगाव बरीच वर्षे होते.

पारधी हे नाव ऐकताच गावाच्या मनात चोरीचा संशय येतो. त्याचे मूळ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. त्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. नोंद झालेल्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा परंपरागत धंदाही गेला. पण तित्तराचा आवाज हुबेहूब काढून त्याला फासापर्यंत आणणे, पाऊलखुणांवरून जनावर ओळखणे, ही विद्या परिसर अभ्यासाच्या तासाला शोभणारी आहे.

दौंडला लागून असलेल्या पुरंदरमधील भिवडीचे उमाजी नाईक रामोशी समाजाचे. इंग्रजांविरुद्ध उठाव केल्याबद्दल ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी दिली. रामोश्यांवरचा सुरुवातीचा ग्रंथ लिहिला तो उमाजींना पकडणाऱ्या मोहिमेतल्या मॅकिन्टॉश या अधिकाऱ्याने. वरच्या वर्गांत ही एकच गोष्ट नीट शिकवली, तरी इतिहास कुणाच्या लेखणीतून आला हे विचारायची सवय मुलांना लागते.

अध्यापनातली खरी अडचण भाषेची. पारधी घरांत गुजरातीला जवळची वाघरी बोलतात. पहिलीत आलेल्या मुलाला पुस्तकातली मराठी परकी वाटते आणि त्याचे गप्प बसणे मठ्ठपणा समजले जाते. अशा वर्गात पक्ष्यांची, झाडांची, नात्यांची वाघरी नावे मुलांकडूनच विचारून फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहिता येतात. तेवढा वेळ ते मूल सांगणारे होते आणि बाकीचा वर्ग ऐकणारा.