सहा संख्या आणि तीस सेकंद

१९६५ साली फ्रान्सच्या दूरचित्रवाणीवर आर्माँ जामो यांनी एक खेळ सुरू केला. समोर आलेल्या अक्षरांतून सर्वांत लांब शब्द बनवायचा. १९७२ पासून तो 'आकडे आणि अक्षरे' अशा अर्थाच्या नावाने होऊ लागला. शब्दांच्या जोडीला गणित आले. २ नोव्हेंबर १९८२ रोजी ब्रिटनमध्ये 'चॅनल फोर' वाहिनी सुरू झाली, तिचा पहिलाच कार्यक्रम 'काउंटडाउन' हा याच खेळाचा इंग्रजी अवतार होता.

त्यात शब्दफेरीला नऊ अक्षरे असतात. खेळाडू फक्त 'स्वर' किंवा 'व्यंजन' असे मागतो. मराठीत ही फेरी जशीच्या तशी उचलता येणार नाही, कारण आपला स्वर बहुधा काना-मात्रा होऊन व्यंजनाला चिकटतो. आकड्यांना ही अडचण नाही.

आकड्यांच्या फेरीत सहा संख्या मिळतात. मोठ्या संख्या २५, ५०, ७५, १०० यांतल्या, लहान १ ते १० मधल्या. तीन अंकी लक्ष्य, चार मूलभूत क्रिया, तीस सेकंद. अपूर्णांक चालत नाहीत आणि दिलेली प्रत्येक संख्या जास्तीत जास्त एकदाच वापरायची. या शेवटच्या नियमातच खरी गंमत आहे.

१९९७ मध्ये एका स्पर्धकापुढे २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६ या संख्या आल्या. लक्ष्य होते ९५२. आपण करून पाहू. १०० + ६ = १०६; त्याची नऊपट ९५४, म्हणजे दोनच जास्त. नऊसाठी एक ३ हाताशी आहे, दुसरा ७५ ÷ २५ मधून मिळेल. वजा करायचे २ हे ५० ÷ २५ मधून. पण २५ तर एकच आहे! मग भागाकार शेवटी ढकलायचा:

१०६ × ३ = ३१८
३१८ × ७५ = २३,८५०
२३,८५० − ५० = २३,८००
२३,८०० ÷ २५ = ९५२

स्पर्धकाने हेच केले. पाठ्यपुस्तकात ज्याला आपण वितरणाचा गुणधर्म म्हणतो आणि मुले जो निमूटपणे पाठ करतात, तो इथे गरज म्हणून उभा राहतो.

वर्गात खेळताना घड्याळ मात्र बाजूला ठेवावे, असे आम्हाला वाटते. लक्ष्य हजाराच्या आत असताना तेवीस हजारांपर्यंत चढून जायला मुले कचरतात. नियमांत तशी मनाई कोठेच नाही.